घरचं लाकूड

आमच्या घरात बोलण्याआधी हात चालायचा. बा चिडला की हाताला लागेल ती वस्तू आमच्या पाठीवर यायची. कधी बैलाचा कासरा, कधी चुलीतलं लाकूड, एकदा तर भाकरी उलटायचा तापलेला कालथा. आय मार खायची आणि त्यातला थोडा आमच्याकडे पोचता करायची. दादा मला बडवायचा आणि मी शेळीला. मार बसला की रडत बसायचं नाही, कडकडून चावायचं, हे मी चालायला लागले तेव्हाच शिकले असेन. आज शाळेत पोरांपुढे उभी राहते तेव्हा पालक म्हणतात, बाई फार कडक आहेत. त्यांना काय सांगू? मी पट्टीसुद्धा हातात घेत नाही. घेतली तर हात कुठे थांबेल याचा मला भरवसा नाही.

आमचा पाडा शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत, डोंगराच्या पायथ्याला. भाताची खाचरं खाली, नाचणी-वरीचे तुकडे वर. आणि पाडा नि रस्ता यांच्या मधल्या माळावर फादर लोकांचं विद्यापीठ. जांभ्या दगडाच्या बैठ्या इमारती, कौलं, निलगिरीची झाडं, एक चर्च आणि गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाटी. सरकारनं त्याला विद्यापीठ म्हणायची परवानगी दिली होती की नाही देव जाणे. परीक्षेचे पेपर मुंबईहून यायचे आणि सगळी मिळून पोरं इतकी थोडी की एखादं आजारी पडलं तर स्वयंपाक्यालाही कळायचं. पण पाटीवर विद्यापीठ होतं, म्हणून आम्हीही विद्यापीठच म्हणायचो. बा तिथे रखवालदार होता. खाकी शर्ट, लोखंडी कडी ठोकलेली काठी. घरात वाघ असलेला माझा बाप तिथे फादरांसमोर मान खाली घालून "व्हय साहेब" म्हणायचा, ते बघून मला त्याची लाज वाटायची आणि फादरांचा राग यायचा. त्याच्या नोकरीमुळे तिथली माझी शिकण्या-राहण्याची फी माफ होती, म्हणून राग गिळायचा.

मला तिथे कुणी बाटवायला आलं नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण लोक अजूनही पहिलं तेच विचारतात. आली ती फक्त घंटा. सकाळी घंटा, दुपारी बाराला घंटा, जेवणाला घंटा, प्रार्थनेला घंटा. आणि आल्या त्या मोठ्या सिस्टर, आमच्या वसतिगृहाच्या प्रमुख. हातात लाकडी पट्टी, आणि ती उभी धरून बोटांच्या पेरांवर. मारून झाल्यावर डोळे मिटून त्या देवाचं नाव घ्यायच्या. मला वाटायचं, एवढं दुःख होतं तर मारता कशाला? पहिल्याच महिन्यात नळावर एका मुलीनं माझ्या बोलण्याला जंगली म्हटलं. मी भरलेली बादली तिच्या डोक्यावर उलटी केली आणि वरून बादलीवर बुक्क्या मारल्या. आतून तिचा आवाज घुमत होता तो मला फार गोड लागला. पट्टी खाल्ली, दोन दिवस पेन धरता आला नाही. पुढे त्याच मुलीनं मला वसईची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, खायला घातली आणि मी तिला आयच्या हातची सुकटीची चटणी. मारामारी झाल्याशिवाय मैत्री होते हे मला आजही नीट पटत नाही.

जेवण बेताचं. दुधी भोपळा घातलेली पातळ डाळ, जाड भात, शुक्रवारी सुके बोंबील. सणाला मात्र डुक्कर पडायचं. ते आमच्या वर्गाच्या मागच्या बाजूला कापायचे, आणि त्याची किंकाळी सुरू झाली की शिकवणारे फादर खिडकी लावून घ्यायचे आणि मोठ्यानं शिकवत राहायचे. बाहेर तो आवाज चिरत वर जाणार, आत नीतिशास्त्र चाललेलं. आवाज एकदम थांबला की सगळा वर्ग श्वास सोडायचा. संध्याकाळी तेच व्हिनेगरात शिजवलेलं मटण आम्ही बोटं चाटून खायचो.

आता दादाबद्दल. माझा दादा, गणपत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बारावीला आपटला आणि मग त्यानं पोलीस भरतीचा ध्यास घेतला. आमच्या भागातून तेव्हा प्रत्येक घरातलं एक पोरगं तरी भरतीच्या मागे असायचं. आमच्या घरी तर त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. बा खोकायला लागला होता, खाचरं सहा महिन्यांना पुरायची नाहीत, मी शिकत होते. "गण्या लागला की" हे आमच्या घरातल्या अर्ध्या वाक्यांचं सुरुवातीचं तोंड होतं. गण्या लागला की कौलं बदलू, गण्या लागला की आयचं डोळ्याचं बघू. धावण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. अडत होतं ते गोळाफेकीत, आणि तो गोळा शिकवला नेल्सननं.

नेल्सन वसईचा, विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी. अंगानं आडवा, डोक्यानं तापट, मनानं सरळ. पहाटे दादा आणि तो भातसानगरच्या रस्त्यानं पळून यायचे आणि मग विद्यापीठाच्या मैदानावर गोळा. मोठ्या फादरांनी, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य फादरांनी, दादाला मैदान मोकळं केलं होतं. नेल्सन त्याचं मनगट धरून दाखवायचा, गोळा तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी ठेव, आणि शेवटचा झटका मनगटाचा. दादाला जमलं नाही की तो शिव्या घालायचा, दादा उलट घालायचा, मग दोघे मातीत. एकदा कुस्तीत दादाचा पुढचा दात हलला. दोघेही रक्त थुंकत हसत आमच्या घरी आले आणि नाचणीची भाकरी नि सुकट खाऊन गेले. आय म्हणायची, मला दोन पोरगे नि एक ही भवानी. भवानी म्हणजे मी.

त्या वर्षी नेल्सनचे आजोबा गेले. वसईचं त्यांचं जुनं घर पाडायला काढलं होतं, तिथे बिल्डिंग होणार होती. घराच्या आढ्याच्या सागाच्या दोन तुळया त्याच्या वडिलांनी टेम्पोत घालून विद्यापीठाला पाठवल्या. गुड फ्रायडेला पोरं टेकडीवर क्रूसाची वाट करत, म्हणजे थांबत थांबत प्रार्थना करत वर जात, तिथे कायमचा मोठा क्रूस उभारायचा असं ठरलं होतं. तुळया आल्या, मोठ्या फादरांनी त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, आणि सुतार येईपर्यंत त्या वर्कशॉपच्या मागे दगडांवर ठेवल्या. हे सगळं चर्चमध्ये जाणाऱ्यांना माहीत होतं. रखवालदाराला कुणी सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं, दोन तुळया आल्यात, सुतार येणार आहे. अरे, एक शब्द जास्त बोलायला तोंड झिजलं असतं का तुमचं? इतकी वर्षं झाली, पण इथपर्यंत आले की माझं डोकं अजून फिरतं.

कारण शिमगा आला होता. आमच्याकडे होळीचं लाकूड विकत आणत नाहीत, मागत नाहीत, चोरतात. पौर्णिमेच्या आधी आठवडाभर पाड्यातली पोरं कुणाचं कुंपण, कुणाची मोडकी खाट, कुणाच्या गोठ्याचा वासा उचलून नेतात. मालकानं दारात उभं राहून शिव्या घालायच्या आणि पोरांनी बोंब मारत पळायचं. शिव्या जितक्या सणसणीत तितका मान. पण त्याला दोन नियम. एक, होळीवर एकदा लाकूड पडलं की ते होळीचं. ते ओढून काढलं तर पाड्यावर वर्षभर आफत, गुरं मरतात, बाया अडतात, असं आमची म्हातारी माणसं मानतात. आणि दुसरा, चोरायचं ते फक्त आपल्या माणसाचं. रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याचं, फॉरेस्टच्या डेपोचं, ठेकेदाराचं लाकूड कितीही पडलेलं असो, त्याला हात लावायचा नाही. विद्यापीठाच्या कुंपणाच्या बल्ल्या मात्र दरसाल जायच्या. बा ड्युटीवर असला की पोरं बघून पाठ फिरवायचा आणि मिशीत हसायचा.

होळीच्या दिवशी दुपारी, बाराच्या घंटेला सगळे जेवायला गेले असताना, दादा आणि पाड्यातली पोरं आत शिरली आणि त्या दोन तुळया खांद्यावर घेऊन गेली. पलीकडच्या पाड्याची होळी आमच्याहून उंच झाली होती, त्यांची जिरवायची होती. बानं पाठ फिरवली. साडेचारला सुतार आला आणि त्याला लाकूड सापडेना.

मी ग्रंथालयात होते. बाहेर आरडाओरडा ऐकून आले तर अंगणात पोरं जमलेली आणि मध्ये नेल्सन, तोंड पांढरं पडलेलं. मला बघताच तो म्हणाला, "तुझ्या भावानं आमचा क्रूस जाळायला नेला." मी म्हटलं, क्रूस कुठला, लाकूड नेलं असेल. तो माझ्या अंगावर आला. "माझ्या आजोबांच्या घराचं आढं होतं ते. फादरांनी आशीर्वाद दिला होता." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.  मी त्याला सांगायला गेले की दादाला हे ठाऊक नाही, पण तोवर कुणी हॉकी स्टिक आणल्या होत्या, कुणी स्टंप, कुणी खाटेचे लोखंडी बार. त्यातली निम्मी पोरं आमच्यासारखीच शिमगा खेळणारी होती. पण वसतिगृहाचं पोरगं मारायला निघालं की जात-धर्म खोलीवर ठेवून निघतं. मोठे फादर शहापूरला गेले होते. मोठ्या सिस्टरांनी गेटमध्ये आडवे हात केले, पोरांनी त्यांना बाजूला सारलं. आणि बा काठी घेऊन त्यांच्या मागे धावत सुटला.

मी आडवाटेनं खाचरांतून पळाले आणि त्यांच्याआधी माळावर पोचले. होळी रचून झाली होती. मधोमध सावरीचं उंच झाड, भोवती लाकडं, आणि त्यांच्यावर टेकवलेल्या त्या दोन तुळया, तेल पाजलेल्या, काळ्याभोर. दादा वरची बाजू बांधत होता. मी ओरडून त्याला सगळं सांगितलं. तो खाली उतरला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला वाईट वाटलं होतं, चोरी पकडल्यासारखं नाही, घरात काही फुटावं तसं. तो म्हणाला, "आदी बोलायचं होतं ना गो. मी डोक्यावर घेऊन परत ठेवली असती." मग त्यानं म्हाताऱ्यांकडे बघितलं. म्हातारी माणसं मान हलवत होती. पडलेलं लाकूड निघत नाही. मी म्हटलं, आग लागो तुमच्या नियमाला, पोरं मारायला येतायत, उद्या पोलीस आले तर तुझी भरती गेली. अंगावर केस असलेल्याला कोण घेणार? हे त्याला कळत होतं. त्यानं कोयती कमरेच्या आकड्याला अडकवली आणि हात मोकळे ठेवून पुढे गेला.

नेल्सन आला तसा दादा त्याच्यासमोर उभा राहिला. तो खालच्या आवाजात बोलला, की चूक झाली, मला म्हायती नव्हतं, पण होळीवर पडलेलं काढता येत नाय, तुला दुसरं लाकूड मी देतो, माझ्या घराचं आढं देतो. हे शेवटचं तो खरंच बोलला. आमच्या घराचं आढं साधं ऐनाचं होतं, पण त्यानं ते देऊ केलं. नेल्सननं ऐकलं असतं तर. पण दादाच्या मागून कुणीतरी हसलं, आणि नेल्सन म्हणाला, "तुम्ही लोकांनी मुद्दाम केलंय."

 दादा म्हणाला, "कोन आमी लोक?"

 नेल्सन दादाला ढकलून होळीकडे गेला आणि त्यानं तुळईला हात घातला. एका म्हाताऱ्यानं त्याच्या हातावर काठी मारली. वसतिगृहाच्या एका पोरानं त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर स्टंप मारला, म्हातारा खाली बसला आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. मग कोण कुणाला मारतंय हे कळेनासं झालं. ढेकळं, दगड, हॉकी स्टिक, होळीसाठी आणलेली जळाऊ लाकडं. बायका मुलांना घेऊन पळत होत्या, पोरं बोंबा मारत होती, आणि त्या सणाच्या बोंबा आणि मार बसल्याच्या बोंबा एकच ऐकू येत होत्या. एक दगड माझ्या भुवईवर बसला, डोळ्यात रक्त आलं. कुणीतरी माझ्या वेणीला धरलं, मी वळून त्याच्या मनगटात दात रुतवले आणि तो किंचाळेपर्यंत सोडले नाहीत. तो पुढे मोठा सरकारी अधिकारी झाला, एकदा शाळेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून आला होता. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि चहा घेतला.

खरं सांगते, त्या वेळी मला भीती वाटली नाही. मला बरं वाटत होतं. लहानपणापासून खाल्लेला सगळा मार मी तिथे वाटत सुटले होते. ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू? मग मला दादा दिसला आणि ते बरं वाटणं एकदम उतरलं.

नेल्सन खाली पडला होता, तुळईचं टोक हातात धरून. कुणी किती लाथा मारल्या तरी सोडत नव्हता. ती अर्धी बाहेर ओढलीही होती त्यानं. दादाच्या कपाळातून रक्त वाहत होतं, आणि त्याच्या उजव्या हातात कोयती होती. वर उचललेली. खाली नेल्सनची मान आणि तुळईवरचे हात, दोन्ही होते. दादा कशावर मारणार होता ते मला माहीत नाही, आणि त्यालाही नसावं. त्याचे डोळे बाचे झाले होते. घरात चुलीतलं लाकूड उचलताना बाचे जे व्हायचे, तेच.

"गण्या, टाक," बा ओरडला. तो गर्दीतून शिरत होता.

"नाय टाकत," दादा म्हणाला.

बानं काठी दोन्ही हातांनी फिरवली. लोखंडी कडी दादाच्या मनगटावर बसली आणि जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि ऐकायचाही नाही. कोयती लांब उडाली. दादा गुडघ्यावर आला, मनगट दुसऱ्या हातात धरून. हात जिथे वळू नये तिथे वळला होता. माळावर सगळं थांबलं. बापानं भरल्या सणाला स्वतःच्या पोराचा हात मोडला, यापुढे कुणी कुणाला काय मारायचं? पोरांनी स्टिका खाली केल्या. बा काठीकडे बघत उभा राहिला. कोयतीवरच मारली होती, हात मध्ये आला, असं तो मरेपर्यंत म्हणायचा. मी त्याला कधी खोडून काढलं नाही.

मोठे फादर पोचले तेव्हा चंद्र वर येत होता. ते वयस्कर, दम्याचे, चालत चालत माळावर आले. त्यांनी पडलेल्यांकडे बघितलं, तुळयांकडे बघितलं, आणि पोरांना एवढंच म्हणाले की चला घरी. नेल्सननं तुळई सोडली. त्याला दोघांनी धरून नेलं. मग म्हाताऱ्यांनी ती अर्धी निघालेली तुळई परत आत ढकलली, पूजा केली आणि होळी पेटवली. कुणी बोंब मारली नाही. साग सकाळपर्यंत जळत होता.

पोलीस आले, पण फादरांनी तक्रार दिली नाही आणि पाड्यानंही दिली नाही. म्हणजे केस झाली नाही. बाला वाटलं, पोरगं वाचलं. केस नाही, भरतीला अजून महिना-दीड महिना आहे, हाड काय, जुळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची जीप आमच्या अंगणात आली. मोठ्या सिस्टर स्वतः बसलेल्या, त्या शिकलेल्या नर्स होत्या. म्हणाल्या, कल्याणला नेऊ, मोठ्या डॉक्टरकडे, हाड सरळ बसलं तर हात होता तसा होईल, उशीर केला तर वाकडं जुळेल. आय त्यांच्या पाया पडली. बा दारात उभा होता, त्याला तर दादाशी बोलायचं तोंडच नव्हतं. दादा आत पडवीत भिंतीला टेकून बसला होता, मनगट सुजून काळंनिळं झालेलं.

मी त्याला म्हटलं, ऊठ. तो नाही म्हणाला. मी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग रडले. मी रडले हे बघून त्याला धक्का बसला असावा, पण तो उठला नाही. म्हणाला, त्यांची गाडी नको, त्यांचा डाक्टर नको. मी म्हटलं, मूर्खा, हात तुझा आहे, भरती तुझी आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मला मैदान दिला, बूट दिला, गोळा शिकवला. आनि एका दुपारी मी 'तुमी लोक' झालो. आता हात पण त्यांनीच बसवायचा का?" मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्या तुटक्या हाताकडे बघतही मारली. सिस्टर दारात होत्या, त्यांनी ते बघितलं आणि पट्टीवाल्या त्या, बायका पदराआड तोंड लपवतात तशा, मागे वळल्या. जीप बराच वेळ अंगणात उभी राहिली आणि रिकामी गेली.

दादाला बैलगाडीतून म्हसा गावाकडच्या एका हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पाला लावला, हळदीचं दूध सांगितलं. त्या म्हाताऱ्याच्या हातून कित्येकांचे हात-पाय बरे झाले होते. दादाचं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं होतं, ते वाकडं जुळलं. भरतीला तो गेलाच. ठाण्याच्या मैदानावर पळण्यात पहिल्या रांगेत आला. गोळा उचलला तर तो बोटांच्या मुळाशी राहीना, मनगटाला झटका बसेना. पायाजवळ पडला. तिथल्या माणसानं विचारलं, हाताला काय झालं, तर दादा म्हणाला, जनमाचाच हाय. घरी येऊन त्यानं हेच आम्हाला सांगितलं, जेवला आणि झोपला. त्या दिवसापासून आमच्या घरात "गण्या लागला की" असं कुणी म्हटलं नाही. बानंही त्यानंतर कुणावर हात उचलला नाही. काठी फादरांना परत दिली आणि नोकरी सोडली. माझी फी फादरांनी तरीही माफच ठेवली. मी लाज सोडून घेतली आणि शिकले, कारण घरात आता तेवढं एकच उरलं होतं.

पुढच्या वर्षीचा शिमगा आला. मी सुट्टीला घरी निघाले तेव्हा दुपारची वेळ होती. विद्यापीठाचं गेट सताड उघडं होतं आणि आत, रस्त्यावरून सहज दिसेल असं, वाळक्या लाकडांचा ढीग रचलेला होता. निलगिरी, बाभूळ, काही जुन्या दाराच्या चौकटी. मोठ्या फादरांनी मुद्दाम रचून घेतलं होतं. नवा रखवालदार पाठ करून बसला होता, त्याला तसं शिकवलेलं दिसत होतं. गेटच्या बाजूला मोरीच्या कठड्यावर नेल्सन बसला होता. त्याचं ते शेवटचं वर्ष. त्याच्या भुवईत अजून खाच होती, माझ्यासारखीच. तो म्हणाला, पोरं येतील ना? त्यांना सांगशील? मी थांबले.

पोरं आली. पाड्यातून चोरलेली लाकडं खांद्यावर, बोंबा मारत, दादा पुढे. डाव्या खांद्यावर वासा, उजवा हात नुसता आधाराला. गेटपाशी सगळी थबकली आणि दादाकडे बघू लागली. नेल्सन उठून उभा राहिला. मी दादाला म्हटलं, गेट उघडं आहे, लाकूड तुमच्यासाठीच आहे. त्यानं ढिगाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो माझ्याशी अगदी सौम्य बोलला, नेल्सनला ऐकू जाईल असं.

"र्‍हाऊ दे. परक्याचं लाकूड आपल्या होळीला चालत नाय."

पोरं रस्त्यानं सरळ पुढे निघून गेली. बोंबा लांब लांब ऐकू येत राहिल्या.  नेल्सन ढिगाकडे गेला आणि एकेक लाकूड उचलून आत वर्कशॉपकडे नेऊ लागला. रखवालदार त्याच्याकडे बघत राहिला. एक ओंडका फार जड होता, तो त्याला एकट्याला उचलेना. मी पिशवी खाली ठेवली आणि त्याचं दुसरं टोक धरलं.